बंद नाही, चालू आहे

माझा लॅपटॉप २ जीबी रॅमचा. त्यावर डेबियन नावाचं लिनक्स टाकलंय, पण वरचा डेस्कटॉप भलताच जड. बटण दाबून मी चहा टाकायला जायचो. चहा उकळून, गाळून, कप घेऊन परत यायचो तेव्हा कुठे स्क्रीनवर खालची पट्टी उमटत असायची. भाचा म्हणाला, "मामा, एवढा लवाजमा कशाला पोसतोस? डेस्कटॉप काढून टाक. नुसता विंडो मॅनेजर ठेव, खिडक्या मांडण्यापुरता."

आधी त्याने डीडब्ल्यूएम सुचवला. तो २००६ सालचा. सगळा कोड २,००० ओळींच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, हा तो बनवणाऱ्या मंडळींचा पण. सेटिंग बदलायचं असेल तर सी भाषेतला मूळ कोडच बदलायचा आणि पुन्हा कंपाइल करायचं, म्हणजे त्यातून प्रोग्रॅम नव्याने बनवायचा. यामुळे नवखे लोक बावळट प्रश्न विचारायला येत नाहीत, असंही त्यांनी आपल्या पानावर लिहून ठेवलंय. माझा जन्म पुण्यातला. अशा पाट्या लहानपणापासून वाचतोय. वाचली आणि मुकाट्याने पुढे गेलो.

मग आय-थ्री. मायकेल स्टापेलबर्गने २००९ साली सुरू केलेला, त्या मानाने माणसाळलेला. बसवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. लॉगिन केल्याबरोबर एक चौकट आली: कॉन्फिग फाइल (सेटिंगची) तयार करून देऊ का? फॉर्म दिसला की टाळायचा, या सवयीने मी एस्केप दाबलं. चौकट गेली.

आणि सगळंच गेलं. उरला काळाकुट्ट स्क्रीन. तळाशी एक बारीक पट्टी, तिच्यात लाल अक्षरांत आयपीव्ही-सिक्स नसल्याची तक्रार. ते माझ्याकडे कधी होतं, हेच मला माहीत नव्हतं. माउस फिरवला, बाण फिरला. राइट क्लिक केलं, काही नाही. आल्ट-टॅब केलं, तरी काही नाही. तेवढ्यात सौ. मागून डोकावल्या.

"बंद पडला वाटतं?"

"नाही, चालू आहे."

"मग काहीच कसं दिसत नाही?"

"चालू आहे म्हणूनच."

मोबाइलवर शोधल्यावर कळलं की आल्ट आणि एंटर दाबलं की टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडतं, आल्ट आणि डी दाबून प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं की तो प्रोग्रॅम सुरू होतो. खिडक्यांमध्ये फिरायला जे, के, एल आणि अर्धविराम. त्याच पानावर आणखी एक वाक्य होतं, की हा विंडो मॅनेजर मुख्यतः जाणकार वापरकर्ते आणि डेव्हलपर यांच्यासाठी आहे. ते मी आधी वाचायला हवं होतं.

इथे खिडक्या एकमेकींवर बसत नाहीत, वाटण्या होतात. पहिली खिडकी आली की अख्खा वाडा तिचा. दुसरी आली की मधोमध भिंत. तिसरी आली की तिघींना सारखा वाटा, कुरबूर नाही, कोर्टकचेरी नाही. कॅल्क्युलेटर एकटा उघडला तर तो वाडाभर पसरतो. सात हा आकडा मी एवढा मोठा एसटीच्या फलाटावरही पाहिलेला नाही.

खरी गंमत पुढेच. टचपॅडवर टिचकी मारली की क्लिक होतं, हे मी आजवर निसर्गनियम समजत होतो. ते त्या लवाजम्यातल्या कुणाचं तरी काम होतं, आणि मी त्याला हाकलून दिलं होतं. स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणारा गेला. पेन ड्राइव्ह लावल्याबरोबर "आला, आला" म्हणून वर्दी देणारा गेला. भिंतीवर चित्र लावणारा गेला. त्याच्या जागी फेह नावाचा रोजंदारीवरचा गडी आणला, तर तो दर लॉगिनला पुन्हा बोलावावा लागे, कारण बोलावणारा कुणी उरला नव्हता. टिचकीसाठी सिस्टिमच्या फोल्डरात खोलवर एक फाइल बनवून तिच्यात सहा ओळी लिहिल्या. पहिल्या खेपेला अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं आणि लॉगिनचा पडदासुद्धा आला नाही. त्या वेळी लॅपटॉप खरोखरच बंद पडला होता, पण त्या दिवशी कुणी विचारायला आलं नाही.

महिन्याभरात घडी बसत आली. आणि मेव्हणीकडच्या बारशाचे फोटो आले, पेन ड्राइव्हमध्ये. सोबत मेव्हणी आणि दाजीही. मी टर्मिनल उघडून पेन ड्राइव्ह माउंट करेपर्यंत, म्हणजे हुकूम देऊन जोडून घेईपर्यंत, दाजींचे पोहे खाऊन झाले होते. मग सौ.नी माउस हातात घेतला आणि भराभर फोटोंवर डबल क्लिक करत सुटल्या. दर फोटोला नवी खिडकी, दर खिडकीला नवी वाटणी. १,३६६ पिक्सेलच्या रुंदीत आठ जणी उभ्या राहिल्या. पाळण्याभोवतीचा पन्नास माणसांचा ग्रुप फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला.

"यात मी कुठे आहे?" मेव्हणीने चष्मा पुसत विचारलं.

मी घाईने सगळं एकावर एक रचायला गेलो आणि आल्ट-एसऐवजी आल्ट-दोन दाबलं. म्हणजे दुसरं वर्कस्पेस. म्हणजे पुन्हा काळाकुट्ट स्क्रीन.

"गेले फोटो," दाजी शांतपणे म्हणाले.

"गेले नाहीत हो, पलीकडच्या खोलीत आहेत."

दाजींनी खरोखरच दाराकडे पाहिलं.

मेमरीचं म्हणाल तर वाचली. पूर्वी नुसतं लॉगिन केलं तरी ७०० एमबीच्या वर जायची, आता अडीचशेत भागतं. उरलेली ब्राउझर खातो. विजेचं बिल भरायला एक टॅब उघडला की पंखा पूर्वीसारखाच घरघरतो. पण काळ्या स्क्रीनपर्यंत आता मी अकरा सेकंदांत पोचतो. चहा टाकायलाही वेळ मिळत नाही.

गेल्या रविवारी ताईकडे गेलो होतो. भाच्याचा नवा लॅपटॉप टेबलावर उघडा होता. एक मेल बघायची म्हणून बसलो. आल्ट-एंटर दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. आल्ट-डी दाबलं. काही नाही.

"अरे, तुझा बंद पडलाय वाटतं," मी म्हणालो.

"मामा, विंडोज आहे तो."

"तू विंडोज वापरतोस?"

"मग काय," तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "तुझ्याएवढा वेळ कुठाय मला?"