गाडीत विजेपासून वाचतो ते पत्र्यामुळे, टायरमुळे नाही

वळवाचा पाऊस जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. विजा कडाडत असताना गाडीत बसा, रबरी टायर वीज अडवतात. दुचाकीवर असाल तरी घाबरू नका, टायर आहेतच. गाडीच्या आत विभव (व्होल्टमध्ये मोजतात ते) शून्य असतं. अंगावरचा धातू काढून ठेवा, धातू वीज ओढतो. आणि वीज पडलेल्या माणसाला हात लावू नका, त्याच्या अंगात वीज असते. यातला ‘गाडीत बसा’ एवढा सल्ला बरोबर आहे. त्याचं कारण मात्र साफ चुकीचं आहे, आणि त्या कारणावर भरवसा ठेवला तर जीव जाऊ शकतो.

कोरड्या हवेत एक सेंटिमीटर अंतरावर ठिणगी पडायला साधारण 30 हजार व्होल्ट लागतात. वीज तर काही किलोमीटर हवा फोडत खाली येते. शेवटच्या वीतभर रबराने ती थांबणार नाही. टायरवरून किंवा टायरमधून ती जमीन गाठतेच.

वाचवतो तो पत्रा. धातूसारख्या वाहकाला विद्युतप्रभार दिला की सजातीय प्रभार एकमेकांना ढकलत बाहेरच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. ते स्थिरावले की वाहकाच्या आत विद्युतक्षेत्र उरत नाही; उरलं असतं, तर आतले मोकळे इलेक्ट्रॉन अजून हलतच राहिले असते. आतल्या पोकळीतही, तिथे वेगळा प्रभार ठेवलेला नसेल तर, क्षेत्र शून्यच. मायकेल फॅरडेने 1836 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फूट लांबी-रुंदी-उंचीचा सांगाडा उभारून त्यावर तांब्याची तार आणि धातूचा वर्ख लावला, यंत्राने त्याला जबरदस्त प्रभार दिला आणि स्वतः पेटत्या मेणबत्त्या आणि प्रभार ओळखणारं विद्युतदर्शी घेऊन आत गेला. बाहेरच्या अंगावरून ठिणग्या उडत होत्या. आत मात्र काहीही जाणवलं नाही. वीज पडते तेव्हा प्रभार स्थिर नसतो, क्षणभरात हजारो अँपिअर धारा वाहून जाते, हे खरं. पण इतकी झपाट्याने बदलणारी धाराही धातूच्या बाहेरच्या थरातूनच जाते. म्हणून काचा लावलेली, पत्र्याच्या टपाची गाडी किंवा एसटी सुरक्षित. मोटारसायकलला टायर आहेत, कवच नाही. रिक्षा, उघडी जीप, केबिन नसलेला ट्रॅक्टर यांचंही तेच.

‘आत विभव शून्य’ हे तर बारावीच्या उत्तरपत्रिकांतही सापडतं. शून्य असतं ते क्षेत्र. क्षेत्र शून्य म्हणजे विभव सगळीकडे सारखं. ते शून्य असेल किंवा लाखो व्होल्टही असेल. गाडीवर विजेची तार पडली तर गाडी, सीट आणि तुम्ही सगळे जवळजवळ एकाच विभवाला असता. विभवांतर नाही, म्हणून धारा नाही. एक पाय गाडीत ठेवून दुसरा जमिनीवर टेकवलात, की ते सगळं विभवांतर तुमच्या शरीरावर आलं. म्हणून वीजपुरवठा बंद होईपर्यंत आतच बसायचं. गाडीने पेट घेतला तरच, दोन्ही पाय जुळवून, गाडीला न शिवता बाहेर उडी मारायची आणि पावलं न फाकवता दूर जायचं. जमिनीवरही विभव अंतरागणिक बदलत असतं. चार पायांत जास्त अंतर असलेली गुरं विजेला जास्त बळी पडतात ती याचमुळे.

आता धातू. शेतातल्या एकट्या चिंचेत किंवा बांधावरच्या माडात कुठला धातू आहे? तरी वीज तिथेच पडते. ठरवते ती उंची आणि टोकदारपणा. 10 सेंटिमीटर आणि 1 सेंटिमीटर त्रिज्येचे दोन गोळे लांब ठेवून तारेने जोडा. विभव दोघांचं सारखंच होतं. मोठ्यावर प्रभार दहापट, पण पृष्ठभाग शंभरपट. म्हणून प्रभाराची घनता आणि पृष्ठभागाजवळचं क्षेत्र लहान गोळ्यावर दहापट. टोक म्हणजे असाच इवलासा गोळा. तिथे विभव जास्त नसतं, क्षेत्र जास्त असतं, आणि हवा फुटते ती क्षेत्रामुळे. मोकळ्या रानात डोक्यावर धरलेली छत्री धोक्याची आहे, कारण ती तुमची उंची वाढवते. मंगळसूत्र काढण्यात वेळ घालवू नका, पक्क्या घराकडे पळा.

‘वीज पडलेल्या माणसाला हात लावू नका’ या शेवटच्या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. माणसाच्या शरीराची विद्युतधारिता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता, जेमतेम शंभरेक पिकोफॅरड. सिंथेटिक स्वेटर काढताना अंगाचं विभव हजारो व्होल्टवर जातं, तरी प्रभार मायक्रोकूलॉमच्या, म्हणजे कूलॉमच्या दहा लाखाव्या भागाच्या, आसपासच असतो. विजेबरोबर येणारे कित्येक कूलॉम शरीरात साठणं शक्यच नाही. ते त्याच क्षणी जमिनीत जातात. वीज पडलेल्या माणसाचं हृदय आणि श्वास बंद पडू शकतात, आणि तसं झालं तर लगेच छाती दाबायला सुरुवात केल्यास तो वाचू शकतो. लोक लांब उभे राहतात आणि तेवढ्यात ती मिनिटं निघून जातात. त्याला हात लावा, श्वास बंद असेल तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं, सुरू करा, दुसऱ्याला 108 ला फोन करायला सांगा. तारेला चिकटलेल्या माणसाची गोष्ट वेगळी: तिथे धारा अजून वाहत असते, म्हणून आधी पुरवठा बंद करायचा आणि मगच त्याला धरायचं.