तीन शिट्ट्या आणि पिशवीभर कारांदे

सासरवाडी गगनबावड्याकडची, त्यामुळं तिकडनं रिकाम्या हातानं कुणी परत येऊच देत नाही. गेल्या थंडीत सासूबाईंनी पिशवीभर कारांदे दिले. रानवेलीला पानांच्या बेचक्यात लोंबतात, बाहेरनं मातकट, आतनं पिवळट, लांबनं बघितलं तर डिट्टो बटाटे. "कडू असत्यात जावईबापू, चिरून राख घालून उकडा, पाणी दोनतीनदा बदला" असं त्या सांगत होत्या म्हणे, मी एसटीत खिडकीची जागा धरायच्या नादात, फक्त 'उकडा' तेवढं ऐकलं.

रविवारी बायको अजून माहेरी, दोन दोस्त जेवायला. कुकरला तीन शिट्ट्या, कांदा-लसूण चटणी सढळ हातानं, वर तेलाचा झणझणीत तवंग. चटणी बरोबर पडली तर चप्पलसुद्धा गिळता येते अशी आम्हा कोल्हापूरकरांची श्रद्धाच आहे की.

पहिला घास तिखट लागला, बरं वाटलं. मग मागनं कडू आलं. दोस्त म्हणाला, "भावा, कडुलिंब उकडलास व्हय?" पाणी पिलो, गूळ खाल्ला, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाल्ली, तरी ते कडू जिभेच्या मुळाशी मांडी घालून बसलेलं!

सासूबाईंना फोन लावला तर आधी पोटभर हसल्या, मग घाबरून "कच्चं नाही ना खाल्लं? बाधतंय ते" आणि परत राखेची टेप. आता गॅसवाल्या घरात राख कुठनं आणू? शेजारच्या काकींकडं अजून बंब आहे. सकाळी सातला वाटी घेऊन दारात उभा राहिलो तर काकी घाबऱ्याघुबऱ्या, "अगं बाई, कोण गेलं?"

उरलेले निम्मे मग राखेत उकडले, रात्रभर पाण्यात, सकाळी धुऊन परत उकडले. नुसत्या मिठाबरोबर खाल्ले. पिठूळ, किंचित कडसर, चहासोबत बेष्ट. मोहरीच्या फोडणीतल्या काचऱ्या तर बायकोनंच संपवल्या.

एक बारका कारांदा मी गच्चीतल्या कुंडीत खुपसला होता, इथं खरा घोटाळा. पावसाळ्यात वेल केबलवरनं थेट काकींच्या वाळत घातलेल्या लुगड्यात. हीच वेल 1905 साली अमेरिकेत फ्लोरिडाला नेली होती, तिकडं तिनं झाडंच्या झाडं झाकली आणि शेवटी तिला खाणारे किडे आणून सोडायला लागले. आमच्याकडं किडे नाहीत, फक्त काकी आहेत.

परवा काकींना पिशवीभर कारांदे द्यायला गेलो तर दार अर्धंच उघडलं. "राख पाहिजे तेवढी ने बाबा, पिशवी तुझ्याकडंच ठेव."