पोरांना आधी चढणीला नेऊ नका, गरवायला न्या

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की मोबाईलवर चढणीचे, म्हणजे व्हाळातून (ओढ्यातून) वर चढणारे मासे पकडण्याचे व्हिडिओ यायला लागतात. रात्रीचा व्हाळ, बॅटऱ्यांचा उजेड, गुडघाभर पाण्यात उभी सात-आठ वर्षांची पोरं. कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या हातात बादली. बादलीत तडफडणारे मासे, गाबोळीने (अंड्यांनी) टम्म फुगलेली पोटं. आणि खाली कौतुक, "मुलांना मोबाईलमधून बाहेर काढायचं तर हेच दाखवायला हवं."

मला हे पटत नाही आणि दरवर्षी वाईट वाटतं.

चढणीला मी लहानपणी गेलोय. अंगावर काटा येईल अशी मजा असते, ते नाकारत नाही. गावात वर्षानुवर्षं खायला म्हणून चार मासे आणणाऱ्याशी माझं भांडणही नाही. (ब्लिचिंग पावडर टाकून नाहीतर करंट सोडून अख्खा व्हाळ मारणाऱ्यांशी मात्र आहे.) पण तो मासा त्या रात्री अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढत असतो. पळायला त्याला जागाच नसते. ज्या पोराची माशाशी पहिली ओळख अशी होते, ते एकच गोष्ट शिकतं, की मासा म्हणजे बादली भरायची वस्तू.

त्यापेक्षा त्याला गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला न्या. महागडा रॉड नको, रीळ नको. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस (नायलॉनचा दोरा), टोकाला शिशाचा तुकडा, एक गरी (गळाचा आकडा) आणि सोललेली कोळंबी. बास.

गेल्या मे महिन्यात आठ वर्षांच्या लेकीला सिंधुदुर्गातल्या कर्लीच्या खाडीवर माझ्या मामांकडे घेऊन गेलो. मामांनी तिच्या तर्जनीवरून तंगूस घेतला आणि म्हणाले, "हात हलवू नको गो. तो आधी चाखतलो, मगे गिळतलो." पाऊण तास काही झालं नाही. मला वाटलं, आता कंटाळेल. नाही कंटाळली. तिचं सगळं लक्ष त्या बोटात उतरलं होतं. खेकडा कोळंबी कुरतडतो तेव्हा दोरा नुसता खरखरतो, छोटा मासा टकटक करतो आणि तांबोशी आली की एकच हिसका. हा फरक सांगून कळत नाही, तो बोटालाच कळावा लागतो. तिला दुसऱ्या दिवशी कळला.

पहिला मासा शिंगाळा लागला. तो मामांनी तिला हातात घेऊ दिला नाही. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो, लागला तर जीव कळवळतो (काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून धरायचा आणि डॉक्टर गाठायचा). पण त्यांनी तिला एक गोष्ट सांगितली. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात धरून ठेवतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत, आणि तोवर जवळजवळ उपाशीच राहतो. लेक त्या माशाच्या तोंडाकडे कितीतरी वेळ बघत बसली. मग म्हणाली, "याच्या तोंडात नाहीयेत ना?" नव्हती. तरी तिने तो सोडायला लावला.

संध्याकाळी वीतभर लांबीची एक तांबोशी ठेवली. मामींनी तिलाच खवलं काढायला बसवलं, पोट साफ करताना आत काय काय असतं ते दाखवलं. माझं मत ठाम आहे. पोराने मासा पकडला तर तो एकतर लगेच पाण्यात जावा, नाहीतर ताटात यावा. फोटोसाठी पंधरा मिनिटं उन्हात लोंबकळत ठेवलेला मासा कुठल्याच पोराला दाखवू नका. वितीपेक्षा लहान असेल तर परत पाण्यात. काळुंदर माशांची जोडी पिल्लांच्या पुंजक्याभोवती घिरट्या घालत असेल तर तिथे गरी टाकायचीच नाही, कारण तिथे आईबाप दोघंही राखण करत असतात.

कालवांच्या खडकावर अनवाणी सोडू नका, पाय चिरतो. बोटीत बसवणार असाल तर लाइफ जॅकेटशिवाय नाही, कितीही पोहता येत असलं तरी. आणि तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणायचा. पाणबगळ्याच्या पायात तो गुंतलेला मी पाहिलाय.

एक गोष्ट मात्र मी ठरवून शिकवली नव्हती. मामा भरतीची वेळ तोंडी सांगत. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. वेळ थोडी इकडेतिकडे होते, पण अंदाज येतो. लेकीला शाळेत पाऊणकी (पाऊणचा पाढा) कुणी शिकवलेली नाही. तिने ती खाडीवर बसून बोटांवर पाठ केली.

परवा लोकलने ठाण्याला जाताना खाडी दिसली. खिडकीतून बघत म्हणाली, "बाबा, आज षष्ठी. साडेचारला भरती, ना?"

घड्याळात चार वाजले होते. पाणी चढत होतं.