डोंगल साहेबांचं, पिन ऑपरेटरच्या वहीत: रामबागच्या काकांना उत्तर

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सरकारी कार्यालयांत हातोहात फिरणाऱ्या पासवर्डवर मी लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं की सायबर हल्ले करतात परदेशातल्या टोळ्या आणि मी झोडपतो तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या ऑपरेटर पोरांना. दिल्लीच्या एम्सवर घाला पडला तो काय कुणी चिठ्ठीवर पासवर्ड लिहिला म्हणून? आणि शेवटी विचारलंय की मग इंदूरकरांनी मालमत्ता कर ऑनलाइन भरावा की नाही.

आधी एम्स. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथले पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि केसपेपरपासून रिपोर्टपर्यंत सगळं कित्येक दिवस हातानं लिहावं लागलं. हल्लेखोर अज्ञात. पण सरकारनं संसदेत कारण दिलं ते हे की नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते. म्हणजे चोर कुठलाही असो, एका मशीनवर शिरकाव झाला की पुढची वाट मोकळी. चौघांत फिरणारा पासवर्ड असा पहिला शिरकाव सोपा करून देतो. तेव्हा चिठ्ठी आणि टोळी या वेगवेगळ्या गोष्टी नाहीत.

आता ऑपरेटर. मी त्याच्या बाजूनंच लिहिलं होतं, घाईत वाचलंत बहुतेक. इथल्याच एका कार्यालयात पाहिलेलं सांगतो, नाव घेत नाही. दाखल्यासाठी गेलो होतो. पोरानं ड्रॉवर उघडला. आत रबरबँडनं बांधलेली तीन डोंगल, म्हणजे संगणकाला लावून डिजिटल सही करायची पेनड्राइव्हसारखी उपकरणं. दोघांवर मार्करनं पदनाम, तिसऱ्यावर नुसतंच 'साहेब'. ते लावलं, वहीच्या मागच्या पानावर बघून पिन टाकला, झाली साहेबांची डिजिटल सही. साहेब दौऱ्यावर! माझं काम दहा मिनिटांत झालं, तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

असं का होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मध्य प्रदेशात २०१० पासून लोकसेवा हमी कायदा आहे. मुदत टळली की अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड, कमाल ५,०००. कायदा चांगलाच आहे. पण साहेब कधी बैठकीत, कधी निवडणुकीच्या ड्यूटीवर, आणि अर्जांची मुदत कुणासाठी थांबत नाही. मग डोंगल ऑपरेटरच्या हवाली. यात आळसापेक्षा नाइलाज जास्त.

पण उद्या एखादा खोटा दाखला निघाला तर? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४२ सांगतं की सहीची खासगी कळ (डोंगलमधली गुप्त किल्ली, जिच्यावर सही होते) ताब्यात ठेवायची काळजी ज्याच्या नावची सही त्यानंच घ्यायची. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची, लॉग, म्हणजे संगणकावर कुणाच्या नावानं काय झालं याच्या नोंदी, १८० दिवस जपायचे. जपा खुशाल! त्या लॉगमध्ये साहेबांचंच नाव दिसणार, खुर्चीवर कोण होतं ते दिसणार नाही. साहेब म्हणणार, मी तर दौऱ्यावर होतो. मग सगळ्यात आधी घरी कोण जाणार? कंत्राटावरचं पोर. डोंगल वापरायला कुणी सांगितलं याचा एक लेखी कागदही त्याच्यापाशी नसतो.

तुमच्या काळी गोल शिक्का कपाटात कुलपात आणि किल्ली बडेबाबूंकडे असायची. चार्ज दिल्या-घेतल्याची नोंद झाल्याशिवाय ती हलत नसे. डोंगलला तेवढी शिस्त लावा, इतकंच मागणं आहे. साहेब बाहेर जाणार तर ज्याच्याकडे प्रभार, त्याच्या स्वतःच्या नावाचं डोंगल हवं. त्याची सही, त्याची जबाबदारी. याला नवी फायरवॉल लागत नाही, टेंडर काढावं लागत नाही. म्हणूनच कदाचित कुणाला रस नाही.

राहिला कर. ऑनलाइनच भरा, फक्त व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून नको, पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून. पावती उतरवून घ्या, छापून फायलीत लावा. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या ई-नगरपालिका पोर्टलवर हल्ला झाला तेव्हा ऑनलाइन सेवा ठप्प झाल्या होत्या. अशा वेळी कर भरल्याचा पुरावा तुमच्या घरात असलेला बरा. आणि पैसे भलतीकडे गेलेच, तर बँकेत रांग लावण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.