फवारणीची पाटी लावायला काय हरकत आहे?

सार्वजनिक बागेत तणनाशक फवारले जाते आणि त्याच ओल्या गवतावर थोड्याच वेळात लहान मुले अनवाणी धावू लागतात. कोणते रसायन मारले, कधी मारले, किती वेळ तिथे जाऊ नये, याची साधी पाटीही कोणी लावत नाही, याचा मला दर वेळी संताप येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेट हे तणनाशक आणि डासांसाठीच्या धूरफवारणीत वापरले जाणारे मॅलेथिऑन हे कीटकनाशक अशी दोन्ही रसायने ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातली. त्या वर्गीकरणावर वाद आहेत, हे मान्य. पण वाद मिटेपर्यंतचा धोका मुलांनी का पत्करावा? मुले जमिनीलगत श्वास घेतात, मातीचे हात तोंडात घालतात आणि वजनाच्या मानाने त्यांच्या शरीरात विष अधिक जाते. धूरफवारणीने उडणारे डास मरतात, साचलेल्या पाण्यातील अळ्या तशाच राहतात, मधमाश्यांचा मात्र हकनाक बळी जातो. फ्रान्सने सार्वजनिक उद्यानांतील रासायनिक फवारणीवर २०१७ पासून काही अपवाद वगळता बंदीच घातली आहे. इथे मात्र विचारणा केली की ‘औषध सुरक्षित आहे’ एवढेच ठरावीक उत्तर मिळते, आणि ते फवारणाऱ्या कामगाराच्या तोंडाला जेमतेम एक रुमाल बांधलेला असतो.