प्रोजेक्टमध्ये सजावटीला मार्क, संदर्भाला शून्य?

शाळांचे प्रोजेक्ट सुरू झालेत म्हणून लिहितेय, पालक आणि शिक्षक दोघांनीही वाचा प्लीज.

आपण पोरांना 'कॉपी करू नको' म्हणतो, पण मग करायचं काय हे कोणी शिकवतच नाही. विषय मिळतो लोणार सरोवर, पोरगं विकिपीडिया उघडतं, दोन परिच्छेद उतरवतं, स्केचपेनची बॉर्डर, एक चित्र चिकटवलं की झालं, आणि मार्क कशाला तर अक्षराला नि सजावटीला! मग उतरवण्यात काही चुकतंय हे त्याला कळणार कसं?

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या सहावीतल्या एका मुलीने 'निर्मिती झाली' खोडून 'तयार झालं' केलं होतं, बाकी वाक्य जसंच्या तसं, आणि हे आपल्या शब्दांत झालं असं तिला मनापासून वाटत होतं. मी म्हटलं सगळं मिट आणि मला सांग. तर म्हणाली, "ताई, आकाशातून उल्का पडली, आपल्याकडचा काळा दगड असतो ना त्यातच एवढा मोठा खड्डा पडला, आणि पाणी खारट आहे." अगं हेच लिही ना!

आता खड्ड्याचा व्यास साधारण १.८ किलोमीटर, हे काही तिने मोजलेलं नाही, मग कुठून घेतलं ते तिथेच लिहायचं. २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे झालं असं सांगितलं, तर त्यांचं नाव घेण्यात कसला कमीपणा? कोणीतरी राबून शोधलंय ते. आणि नुसतं 'गुगल' लिहिलेलं चालणार नाही, कुठल्या पानावर वाचलं ते हवं. मराठी विश्वकोशातली नोंद मुलांना उघडून दाखवा, खाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. विकिपीडिया फुकट असला तरी मजकूर वापरताना श्रेय द्या हीच त्यांची अट आहे.

पुढे पीएचडीला गेल्यावर यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत, थिसिसमध्ये ६० टक्क्यांच्या वर उचललेलं सापडलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. ज्याला अकराव्या वर्षी शाबासकी दिली त्यालाच पंचविसाव्या वर्षी शिक्षा, हा अन्याय आहे हो.

शिक्षकांना कळकळीची विनंती, दहातले दोन मार्क संदर्भाला ठेवा आणि वही घेताना मिनिटभर तोंडी विचारा. चॅटजीपीटीवरून आणलंय की वाचून लिहिलंय ते तेवढ्यात कळतं, सजावटीचे मार्क कमी केलेत तरी चालतील.