'डॉ.'च्या वादात राहून गेलेला हिशेब

सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावापुढे 'डॉ.' लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. जळगाव-धुळ्याच्या फिजिओ मंडळींत तो वाद अजून धुमसतो आहे. त्यांच्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतो, 'इथं काय ठेवलंय? इंग्लंडला जा, महिन्याला तीन लाख.' इंग्लंडमधून हे ऐकताना वाटते, पोट ज्यावर भरते ती गोष्ट दोन्ही बोलण्यांत नाही.

आधी ते तीन लाख. एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, सुरुवात बँड ५ या पगारश्रेणीपासून. २०२५-२६ मध्ये तिचा पगार वर्षाला ३१,०४९ पौंड होता, म्हणजे महिन्याला २,५८७. त्यातून पेन्शनचे २१५, आयकराचे साधारण २६५ आणि नॅशनल इन्शुरन्स या सक्तीच्या सरकारी विम्याचे १२३ कापले जात. हातात येत १,९८० च्या आसपास. लंडनबाहेरच्या मध्यम शहरात चौघांच्या घरातली एक खोली सहा-सातशे पौंडांना मिळते. एकटा माणूस काटकसरीने घरी पैसे पाठवू शकतो. बायको-मूल सोबत असेल आणि पगार एकच असेल, तर भाडे, कौन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा कर), गॅस-वीज आणि पाळणाघर यांतच तो संपतो. 'मग स्वतःचे क्लिनिक टाकू' हेही चालत नाही, कारण व्हिसा नोकरी देणाऱ्या संस्थेशी बांधलेला असतो.

आता मान. इथे फिजिओच्या नावापुढे 'डॉ.' लागत नाही. पण 'फिजिओथेरपिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे. एचसीपीसी या नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या नोंदवहीत नाव नसताना ते लावणे गुन्हा आहे. रुग्ण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट येऊ शकतो. जादा प्रशिक्षण घेतलेले फिजिओ २०१३ पासून स्वतः औषधे लिहून देऊ शकतात. आपल्याकडची भांडणाची शक्ती मला या अधिकारांसाठी खर्च झालेली बघायची आहे.

अधिकारासोबत जबाबदारी येते, आणि आपली मुले मुलाखतीत अडकतात ती इथेच. कंबरदुखीचा रुग्ण आला तर काय कराल, या प्रश्नाला सवयीने उत्तर येते: आयएफटी (विजेचा सौम्य शेक), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा शेक), ट्रॅक्शन (कंबरेला ताण देणे). उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस या इथल्या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी हे तिन्ही देऊ नका असे स्पष्ट लिहिले आहे. परीक्षकाला ऐकायचे असते ते वेगळेच: मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली आहे का, लघवी अडते का, पायातली ताकद कमी होते आहे का. यातले काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून रुग्णाला त्याच दिवशी इस्पितळात पाठवायचे. नसेल तर हालचाल चालू ठेवायला सांगून व्यायाम हळूहळू वाढवायचा.

रावेर-यावलच्या केळीच्या बागेत दिवसभर घड वाहणाऱ्या मजुराला, वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला नेमके हेच हवे आहे. मशीनखाली पंधरा मिनिटे आडवे पडून उद्याचे ओझे हलके होत नाही. ओझे कसे उचलता, दिवसातून किती फेऱ्या, काम किती दिवस अर्ध्यावर आणता येईल, हे विचारायला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासाची वेगळी फी आपल्याकडे कुणी मागत नाही. पैसे मशीनच्या सिटिंगचे घेतले जातात. म्हणून मशीन सुटत नाही, आणि शिकाऊ फिजिओचा पगारही वाढत नाही. मला हा प्रश्न 'डॉ.'पेक्षा मोठा वाटतो.

तरीही यायचे असेल त्यांनी एचसीपीसीच्या नोंदणीसाठी कागद वेळेत जमवावेत. आयईएलटीएस अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७ आणि कोणत्याही भागात ६.५ पेक्षा कमी नको. आपल्या राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेकडून नोंदणीचा दाखला लागतो. सगळ्यात जास्त अर्ज रखडतात ते अभ्यासक्रमाच्या तपशिलावरून. कुठला विषय किती तास शिकवला आणि कुठल्या वॉर्डात किती तास काम केले, हे कॉलेजने लिहून द्यावे लागते. इंटर्नशिपच्या दाखल्यावर नुसते 'सहा महिने पूर्ण' लिहिलेले पुरत नाही. ऑर्थो, न्यूरो, छातीचे विकार, बालरोग असे वेगवेगळे तास मांडून, इंटर्नशिप संपते त्याच आठवड्यात विभागप्रमुखांची सही-शिक्का घ्यावा. पाच वर्षांनी विभागप्रमुख बदललेले असतात, आणि जुनी हजेरीपुस्तके सापडत नाहीत.